वाळूची घागर, सापाची चुंबळ: एक पुराणकथा धरून साहित्यापर्यंत कसं पोहोचायचं

‘मिथक आणि साहित्य’ हा विषय घेतलेले बहुतेक विद्यार्थी पहिल्या महिन्यातच थकतात. समोर रामायण, महाभारत, अठरा पुराणं आणि वर आधुनिक कविता, नाटक, कादंबरी असा ढीग पडलेला असतो. मग निबंधात सगळ्याचा उल्लेख येतो आणि अभ्यास कशाचाच होत नाही. म्हणून पहिली पायरी कठोर ठेवा: एकच कथा घ्या. त्या कथेची किमान पाच रूपं गोळा होईपर्यंत एकही साहित्यकृती उघडू नका.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात राहणाऱ्याला कथा शोधत लांब जावं लागत नाही. मंगसुळीचा खंडोबा आहे, चिंचलीची मायाक्का आहे, भाद्रपदात घरोघर फिरणारा जोकुमार आहे. इथे आम्ही उदाहरण घेतो ते सौंदत्तीच्या यल्लम्माचं, म्हणजे रेणुकेच्या कथेचं. ही कथा संस्कृत ग्रंथांत आहे, मराठी आणि कन्नड गाण्यांत आहे, पंचांगातल्या दोन पुनवांत आहे आणि मराठी कादंबरीतही आहे. एकाच कथेचे इतके थर एका दिवसाच्या प्रवासात सापडावेत असा मुलूख फार ठिकाणी मिळत नाही.

आधी शब्दांची सफाई करून घ्या. ‘मिथक’ हा शब्द ऐकताच ‘मिथ्या’ आठवतं आणि खरंखोटं करण्याची घाई होते. या अभ्यासात कथा खरी घडली का, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. मिथक म्हणजे एखाद्या समाजाने पवित्र मानलेली, वारंवार सांगितली जाणारी आणि बहुधा एखाद्या आचाराला कारण पुरवणारी कथा. लोककथेत राजाराणीचं गाव कुठलंही असलं तरी चालतं. मिथकातली नदी मात्र लोक बोटाने दाखवतात.

ग्रंथांतली रूपं कशी वाचायची

सुरुवात महाभारताच्या वनपर्वातल्या ११६व्या अध्यायापासून करा. अध्याय लहान आहे, एका बैठकीत दोनदा वाचून होतो. पहिलं वाचन सलग करा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक घटना एका ओळीत, स्वतःचं मत न घालता लिहून काढा. रेणुका प्रसेनजित राजाची मुलगी. ती स्नानाला जाते. चित्ररथ राजा आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिला दिसतो आणि तिचं मन चळतं. तिचा नवरा जमदग्नी ऋषी ते ओळखतो आणि मुलांना तिला मारायला सांगतो. रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु हे चार मुलगे आईला मारायला पुढे होत नाहीत, तेव्हा बापाच्या शापाने त्यांचं भान हरपतं आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड होतात. पाचवा राम, म्हणजे परशुराम, परशूने आईचं मस्तक उडवतो. मग वर मागताना तो म्हणतो, आई जिवंत व्हावी, तिला वधाची आठवण राहू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत.

आता भागवताच्या नवव्या स्कंधातले १५ आणि १६ हे अध्याय घ्या. वरवर कथा तीच आहे, पण ओळीला ओळ लावली की फरक दिसू लागतात. इथे रेणुका रेणूची मुलगी आहे. ती गंगेवर पाणी आणायला जाते. चित्ररथ हा गंधर्वांचा राजा आहे आणि त्याच्याबरोबर अप्सरा आहेत. त्याला पाहण्याच्या नादात ती होमाची वेळ विसरते. राम आईबरोबर भावांनाही मारतो. पुढे जमदग्नीचा वध होतो आणि शेवटी त्याला सप्तर्षींमध्ये सातवं स्थान मिळतं.

यातला सर्वांत मोलाचा फरक कोणता? विद्यार्थी बहुधा भावांच्या मृत्यूवर बोट ठेवतात, कारण तो ठळक आहे. आमच्या मते ‘होमाची वेळ’ हा फरक जास्त बोलका आहे. महाभारतात दोष मनाचा आहे. भागवतात त्या दोषाला कामाची जोड मिळाली: पाणी वेळेवर आलं नाही, यज्ञ खोळंबला. चूक घरातल्या कर्तव्याशी बांधली गेली. लोककथेने पुढे हाच धागा उचलला आणि घागर आणली.

महाभारतातच रेणुका आणखी एकदा भेटते, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. अनुशासनपर्वात जमदग्नी बाणांचा सराव करतो आणि रेणुका सोडलेले बाण वेचून आणते. उन्हाने तिचे पाय आणि डोकं पोळतं, तिला उशीर होतो. इथे जमदग्नीचा राग तिच्यावर न जाता सूर्यावर जातो, आणि सूर्य छत्री व पादत्राणं देऊन सुटका करून घेतो. बाहेर गेलेली बायको, उशीर, ऋषीचा कोप, हे सगळे घटक तेच आहेत; निकाल उलटा आहे. ही दोन्ही रूपं शेजारी ठेवली की मिथक म्हणजे घटकांची जुळणी कशी असते, ते एका दृष्टीत कळतं.

मराठी भाषांतर वापरत असाल तर ते कोणत्या पाठावरून केलं आहे ते प्रस्तावनेत पाहा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. त्या आवृत्तीचा उपयोग केवळ ‘शुद्ध’ पाठ मिळवण्यापुरता करू नका. पानाच्या तळाशी जे पाठभेद दिले आहेत ते आपल्या कामाचे असतात, कारण गाळलेला श्लोकसुद्धा कुणीतरी कधीतरी श्रद्धेने लिहिलेला आहे. प्रचलित प्रतींतले आणि चिकित्सक आवृत्तीतले अध्यायक्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. म्हणून टिपणात क्रमांकाबरोबर आवृत्तीही लिहा.

डोंगरावरचं रूप

लोकरूपात रेणुका रोज नदीवर जाते, कोरड्या वाळूची घागर वळते आणि जिवंत सापाचं वेटोळं करून त्याची चुंबळ डोक्यावर ठेवते. तिच्या पातिव्रत्यामुळे वाळू धरून राहते, साप निमूट राहतो. मन चळलं त्या दिवशी घागर घडत नाही आणि साप निघून जातो. वर सांगितलेल्या दोन ग्रंथांतल्या प्रसंगांत यातलं काहीही नाही. तिथे ऋषी दोष स्वतःच ओळखतो. इथे तो डोळ्यांना दिसतो. श्रोत्यांत बसलेल्या बाईला वाळू, पाणी, चुंबळ हे सगळं हाताखालचं आहे, त्यामुळे घागर कोसळली म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे आणखी एक मोठा भाग येतो. शापाने रेणुकेचं अंग किडतं, ती रानोमाळ हिंडते. एक्कय्या आणि जोगय्या हे दोन सिद्ध तिला भेटतात, कुंडात स्नान करायला आणि घरोघर जोगवा मागायला सांगतात. ती बरी होऊन परत येते, आणि मग शिरच्छेद होतो. म्हणजे शाप आणि वध यांच्यामध्ये लोककथेने एक संपूर्ण प्रकरण घातलं. का घातलं, याचं उत्तर सौंदत्तीच्या जोगुळभावी या कुंडावर उभं राहिलं की मिळतं. भाविक आधी तिथे अंघोळ करून मग डोंगर चढतात, परडी घेऊन जोगवा मागतात. कथा त्या आचाराचं कारण सांगते. अशा भागाला टिपणात ‘कारणकथा’ अशी खूण करा.

दक्षिणेत अनेक ठिकाणी कथेला आणखी एक वळण आहे. जीव वाचवायला रेणुका एका मातंग स्त्रीच्या आश्रयाला जाते, दोघींची मुंडकी एकाच घावात उडतात, आणि जिवंत करताना धडं-मुंडकी बदलतात. सौंदत्तीच्या आवारात परशुराम आणि जमदग्नी यांच्याबरोबर मातंगीचंही देऊळ आहे. देवळांची मांडणी हेही एक पाठ्यच आहे: कुणाचं देऊळ आत, कुणाचं बाहेर, आधी कुणाचं दर्शन घ्यायचं, हे कागदावर साधा नकाशा काढून नोंदवा.

पंचांग विसरू नका. मार्गशीर्ष पौर्णिमेला जमदग्नीच्या मृत्यूमुळे देवी विधवा झाली असं मानून बांगड्या फोडल्या जातात. आपल्याकडे ती रांडाव पुनव. माघी पौर्णिमेला देवी पुन्हा सवाशीण होते, हिरवा चुडा येतो. ती अहेव पुनव. वनपर्वात बापाला अग्नी दिल्यावर कथा परशुरामाच्या सूडाकडे वळते आणि रेणुका मागे पडते. लोकपरंपरेने तिच्या वैधव्याला आणि सौभाग्याला वर्षातले दोन दिवस दिले. ग्रंथात जिथे गप्प बसलेलं आहे तिथे आचार बोलतो, आणि ती जागा अचूक पकडणं हे या अभ्यासातलं सर्वांत समाधानाचं काम आहे.

प्रत्यक्ष नोंदी

पुनवेच्या दिवशी मुलाखती घेता येत नाहीत. गर्दी, वाद्यं आणि घाई यांत काहीच नीट ऐकू येत नाही. मंगळवार आणि शुक्रवारही टाळा. यात्रेच्या आधी किंवा नंतर आठ-दहा दिवसांनी जा, किंवा आपल्याच गावातल्या परड्या भरण्याच्या कार्यक्रमाला, ज्याला आपण पडल्या भरणं म्हणतो, थांबा. तिथे गाणारे निवांत असतात.

फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी परवानगी घ्या, मग फोन विमान मोडवर टाका. चौंडकं आणि तुणतुणं जवळ असलं की शब्द बुडतात. फोन वाद्याच्या विरुद्ध बाजूला, गाणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, खाली दुमडलेला टॉवेल घालून ठेवा. उघड्या फरशीवर ठेवला तर आवाज घुमतो.

आधी गाणं घ्या, मग तीच कथा साध्या बोलण्यात सांगायला सांगा. दोन्ही क्वचितच जुळतात. गाण्यात जुने शब्द टिकतात, सांगण्यात आजचा अर्थ येतो. मध्ये बोलू नका. “रेणुकेचं चुकलं का?” असा प्रश्न विचारलात की उत्तर तुमच्यासाठी तयार केलं जातं. “मग काय झालं?” एवढंच पुरतं. घागरीचा भाग आला नाही तर आठवण करून देऊ नका. तो आला नाही, हीच नोंद आहे.

जोगतिणी आणि जोगते, म्हणजे देवीला सोडलेल्या बायका आणि पुरुष, यांच्याशी बोलताना लोक ज्या नात्याने त्यांना हाक मारतात, अक्का, मावशी, तीच हाक मारा. देवीला मुलं-मुली सोडण्याच्या प्रथेने अनेकांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं आहे आणि कर्नाटकात १९८२च्या कायद्याने ती प्रथा बंद केली आहे. कथा विचारायला गेलात तर कथाच विचारा. स्वतःहून कुणी आपलं आयुष्य सांगितलं तर ते ऐका, पण नाव, गाव, फोटो निबंधात घालू नका. टिपणात वय, कथा कुणाकडून शिकली, भाषा, दिवस आणि प्रसंग एवढं हवं.

दहा मिनिटांचं गाणं उतरवायला तास-दीड तास लागतो, आणि हे काम दोन दिवसांत करा. आठवडा गेला की अर्धे शब्द ओळखू येत नाहीत. उतरवताना बोली सुधारू नका. मराठी गाण्यात कन्नड ओळ आली तर ती तशीच देवनागरीत लिहा आणि शेजारी अर्थ द्या. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ वेगळे आहेत, देवनागरीच्या नेहमीच्या खुणांत ते मावत नाहीत. त्यासाठी ‘ऎ’ आणि ‘ऒ’ वापरता येतात. एक पद्धत ठरवून शेवटपर्यंत पाळा. कन्नड येत नसेल तर शेजारच्या कन्नड भाषकाकडून प्रत्येक ओळ तपासून घ्या, अंदाजाने अर्थ लावू नका.

तक्ता

आता मोठ्या कागदावर किंवा संगणकावर तक्ता आखा. आडव्या रांगेत रूपं: वनपर्व, अनुशासनपर्व, भागवत, मराठी गाणं, कन्नड गाणं, तोंडी सांगणं. उभ्या रांगेत प्रश्न:

- रेणुका कुणाची मुलगी
- नदीवर कशासाठी गेली, नदी कोणती
- कोण दिसलं
- दोष कसा उघड झाला
- भावांचं काय झालं
- शाप आणि वध यांच्यामध्ये काय आहे
- कोण जिवंत झालं, कोणत्या रूपात
- कथा कोणत्या आचाराशी जोडली आहे

रिकामा चौकोन रिकामाच ठेवा. एका रूपातली माहिती दुसऱ्यात भरण्याचा मोह इथेच होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. नदीची ओळ मुद्दाम पाहा: भागवतात गंगा, सौंदत्तीत मलप्रभा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे सौंदत्तीजवळून जाते, तिथल्या धरणाच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात, आणि त्याच नदीवर ऐहोळेला परशुरामाने रक्ताळलेला परशू धुतला अशी कथा आहे. नदीकाठी कथा कशी मुक्काम करत जाते, ते नकाशावर रेघ ओढून दाखवता येतं.

तक्ता झाला की ‘मूळ कथा कोणती’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. जुना लिखित पाठ कोणता, एवढंच तक्ता सांगू शकतो. लिखित जुनं म्हणजे कथा तिथेच जन्मली असं होत नाही, आणि लोकरूप नंतर नोंदलं म्हणून ते ‘बिघडलेलं’ ठरत नाही. आपल्या भागात याचीच दुसरी आवृत्ती म्हणजे देव मराठी की कानडी हा वाद. त्यात शिरू नका. विठ्ठलाला संतांनी लावलेल्या ‘कानडा’ या विशेषणाचे ‘कर्नाटकातला’ आणि ‘न उमगणारा’ असे दोन्ही अर्थ अभ्यासकांनी घेतले आहेत, आणि दोन्ही अर्थ एकत्र नांदतात म्हणूनच तो शब्द इतका टिकला. यल्लम्माच्या गाण्यातही ओळीगणिक भाषा बदलते. कोणत्या ओळीत कोणती भाषा आली, हुकूम कोणत्या भाषेत आणि रडणं कोणत्या भाषेत, हे नोंदवणं वादापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

आता साहित्य

साहित्यकृतीत मिथक चार तऱ्हांनी येतं. पूर्ण कथा नव्याने सांगितली जाते. कथेचा सांगाडा आजच्या पात्रांवर चढवला जातो. एखादाच घटक, जशी घागर, प्रतिमा म्हणून येतो. किंवा कथा मागे राहते आणि तिच्यातून निघालेला आचार कृतीच्या मध्यभागी येतो. चौथी तऱ्हा सर्वांत कमी ओळखली जाते.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या याच सीमेलगतच्या मुलखातून आल्या आहेत. एकीत देवीला सोडलेल्या मुलीचं, दुसरीत जोगत्या झालेल्या मुलाचं आयुष्य आहे. इथे रेणुका-जमदग्नीची गोष्ट शोधत बसलात तर हाती थोडंच लागेल. शोधायचा आहे तो आचार: परडी, भंडारा, जट, ‘जग’ म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली डोक्यावर घेणं. तक्त्यातल्या शेवटच्या ओळीशी कादंबरी ताडून पाहा आणि विचारा, कथा ज्या आचाराला पवित्र कारण देते, त्याच आचाराची किंमत कोण मोजतं हे कादंबरी कसं दाखवते? मिथकाचा प्रभाव इथे कथानकात नाही, पात्रांच्या गळ्यात आणि डोक्यावर आहे.

याउलट सांगाडा उचलण्याचं उदाहरण हवं असेल तर हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांचं कन्नड नाटक ‘जोकुमारस्वामी’ वाचा. १९७२चं हे नाटक भाद्रपदातल्या जोकुमाराच्या विधीवर उभं आहे. अल्पायुषी, सुफलतेचा आणि मारला जाणारा देव हा सांगाडा जमीनदार आणि कसणाऱ्याच्या संघर्षात बसवला आहे.

प्रभाव सिद्ध करताना तीन कसोट्या लावा. लेखकाला ते रूप माहीत असण्याची वाट होती का? साम्य सर्वसाधारण आहे की विशिष्ट? रागीट बाप हे साम्य नव्हे, तो कुठेही भेटतो. सापाची चुंबळ हे साम्य. आणि मिथक काढून टाकलं तर कृतीचं काय बिघडतं?

गिरीश कर्नाडांचं ‘हयवदन’ हा या कसोट्यांचा उत्तम सराव आहे. धडं-मुंडकी बदलणं, देवीचं देऊळ, धारवाड-बेळगावचा सांस्कृतिक शेजार, सगळं पाहून रेणुका-मातंगीचा प्रभाव असं ठोकून द्यायचा मोह होतो. पण त्या नाटकाची वाट वेगळी आहे: वेताळाच्या कथांतली मुंडकी बदलण्याची गोष्ट, ती थॉमस मान या जर्मन लेखकाने आपल्या कादंबरिकेत घेतली, आणि तिथून कर्नाडांनी. तुलना जरूर करा. मातंगीच्या कथेत बदल दोन जातींच्या स्त्रियांमध्ये होतो, नाटकात दोन मित्रांमध्ये. हा फरक लिहिण्यासारखा आहे. मात्र ‘तुलना’ आणि ‘प्रभाव’ हे दोन शब्द निबंधात एकमेकांच्या जागी वापरू नका.

लिहिताना २००० ते २५०० शब्दांच्या निबंधासाठी सहा आठवडे धरा: दोन ग्रंथांना, दोन नोंदी आणि तक्त्याला, एक साहित्यकृतीला, एक लेखनाला. लेखनाआधी आपलं म्हणणं एका वाक्यात मांडा. ‘रेणुकेचं मिथक पुरुषप्रधान आहे’ हे म्हणणं अभ्यासाआधीही माहीत होतं. ‘ग्रंथांत मनात राहिलेला दोष लोककथेने घागरीत आणला, आणि कादंबरीने तो डोक्यावरच्या जगात पाहिला’ असं वाक्य तक्त्याशिवाय लिहिता येत नाही. साप म्हणजे काम, पाणी म्हणजे मन अशी प्रतीकांची यादी टाळा. कोणत्या रूपात साप काय करतो एवढंच सांगा.

आणि निबंध पूर्ण झाल्यावर, ज्यांनी गाणं दिलं त्यांना त्यांच्या गाण्याचं मुद्रण आणि उतरवलेली प्रत नेऊन द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. ऐकता ऐकता त्या बहुधा एखादी गाळलेली ओळ सांगतात. ती वेगळ्या शाईने, त्या दिवसाची तारीख घालून तक्त्यात लिहा.